हाली की कलदार?

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी पुरवणारे एक कुटुंब. वडील साठीच्या घरातले, मुलगा पुण्याहून व्यवस्थापनाची पदवी घेऊन नुकताच पेढीवर बसू लागलेला. एका मोठ्या कारखान्याच्या खरेदी विभागाने दोघांना बैठकीस बोलावले आहे. टेबलापलीकडे तीन माणसे, त्यांतील एक परदेशी. बोलणे इंग्रजीत सुरू होते. पहिल्या पाच मिनिटांतच वडील हात मांडीवर ठेवून मागे रेलतात आणि सारी बैठक मुलाच्या हाती सोपवतात. परदेशी अधिकारी शांतपणे विचारतो, 'द प्राइस इज फॉर्टी टू, फर्म फॉर सिक्स मंथ्स. ओके?' मुलगा तत्परतेने म्हणतो, 'येस सर, नो प्रॉब्लेम.' हस्तांदोलन होते, चहा येतो, सगळे हसतमुखाने उठतात.

परतताना गाडी नगर नाक्यापाशी आल्यावर वडील विचारतात, "अरे, तो साहेब सारखे फर्म, फर्म काय म्हणत होता?"

"सहा महिने भाव बदलायचा नाही, पप्पा. मी हो म्हटले."

वडील त्यानंतर घरापर्यंत काही बोलत नाहीत. क्राफ्ट कागदाच्या गिरण्या दर वाढवणार असल्याची कुणकुण त्यांना आठ दिवसांपूर्वीच लागलेली असते. महिन्याला वीस हजार खोकी, म्हणजे सहा महिन्यांत एक लाख वीस हजार. खोक्यामागे तीन रुपये खर्च वाढला तरी तीन लाख साठ हजार रुपये एका 'नो प्रॉब्लेम'मध्ये गेले.

प्रसंग कल्पित आहे. पण ज्यांच्या घरी तो थोड्याफार फरकाने घडलेला नाही अशी पुरवठादारांची घरे फार नसावीत. या प्रसंगात इंग्रजी कोणाचे कच्चे होते, असे विचारले तर पटकन उत्तर येते, वडिलांचे. ते उत्तर अपुरे आहे. मुलाला 'फर्म' हा शब्द कळत होता, कागदाचा बाजार कळत नव्हता. वडिलांना बाजार कळत होता, परंतु त्यांच्या लेखी फर्म म्हणजे आपली पेढी. जाण एकाच्या डोक्यात आणि जीभ दुसऱ्याच्या तोंडात, अशी वाटणी झाली की व्यवहार मधल्या फटीत पडतो. इंग्रजी माध्यमात शिकलेली पिढी दुकानावर, कारखान्यावर येऊ लागली तशी ही वाटणी घरोघरी रूढ होत चालली आहे. मोंढ्यात कोणी मुलाला पहिल्याच हंगामात भाव फोडायला बसवत नाही. बैठक इंग्रजीत आहे एवढ्याच कारणासाठी मात्र तो अधिकार त्याला आपोआप मिळतो.

छत्रपती संभाजीनगरला हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा राहिलेला नाही. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना आला, तेव्हा खरेदी विभागात मराठी आणि हिंदी पुरत असे. २००१ मध्ये शेंद्र्याला चेक प्रजासत्ताकाची स्कोडा आली. पुढे ऑरिक सिटीत दक्षिण कोरियाच्या ह्योसंगचा धाग्याचा कारखाना उभा राहिला. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने बिडकीनच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. या मोठ्या कारखान्यांभोवती पॅकिंग, रसायने, सुटे भाग, कापड, खानपान, वाहतूक पुरवणारी जी छोटी-मध्यम घरे आहेत, त्यांत आपल्या समाजाची संख्या लक्षणीय आहे. त्यांच्यासमोर बसणारा माणूस चेक असेल, कोरियन असेल, जर्मन किंवा जपानी असेल. इंग्रज क्वचितच असेल. त्याचीही मातृभाषा इंग्रजी नाही. तोही मनात वाक्य जुळवूनच बोलत असतो. जगात इंग्रजी मातृभाषा असलेल्यांपेक्षा ती शिकून बोलणारे कितीतरी अधिक आहेत. समोरच्याला आपल्या उच्चाराचे हसू येईल ही भीती बाळगणाऱ्याने एवढे लक्षात घेतले तरी जीभ निम्मी मोकळी होईल.

शिवाय परकी भाषा ही या शहराच्या बाजाराला नवी गोष्ट नाही. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीची, न्यायालयाची भाषा उर्दू होती. शिक्षणातही तिचेच प्राबल्य होते; १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. गुलमंडी, शहागंज, सराफा येथील व्यापारी घरात मारवाडी किंवा गुजराती बोलत, शेतकऱ्याशी मराठीत सौदा करीत, चोपड्या मुडिया किंवा मोडी अक्षरांत लिहीत आणि अर्ज उर्दूत देत. त्यांच्यापैकी कोणालाही आपले उर्दू शायराच्या तोडीचे नाही म्हणून संकोच वाटल्याचे ऐकिवात नाही. मालाचा भाव, वजन, मुदत आणि जामीन यांपुरते उर्दू त्यांना चोख येत होते, आणि कचेरीचे काम त्यावर निभत होते.

त्या काळातील एक सवय आजच्या बैठकीला थेट उपयोगी आहे. संस्थानाचे नाणे वेगळे होते. त्याला हाली सिक्का म्हणत. ब्रिटिश हिंदुस्थानातील रुपयाला कलदार. सहा कलदार रुपयांना सात हाली, म्हणजे शंभर कलदारांना साधारण एकशे सोळा हाली पडत. मुंबईशी, खानदेशाशी व्यापार करणाऱ्याने नुसते 'शंभर रुपये' म्हणून चालत नसे. हाली की कलदार, हा प्रश्न सौद्यातच विचारावा लागे. न विचारणाऱ्याच्या खिशातून शंभरामागे सोळा रुपये जात. प्रश्न विचारणारा अडाणी ठरत नसे. न विचारणाराच ठरत असे. आजच्या बैठकीत हाली-कलदारचे रूप बदलले आहे, एवढेच.

इंग्रजीचा लाभ काय असतो, याचे आपल्या समाजातील ठळक उदाहरण म्हणजे प्रेमचंद रायचंद. जन्म १८३१, मूळ गाव सुरत. इंग्रजी बोलू, वाचू आणि लिहू शकणारा पहिला भारतीय दलाल म्हणून मुंबईच्या शेअर बाजाराच्या इतिहासात त्यांचे नाव घेतले जाते. इतर दलालांना इंग्रज व्यापाऱ्याशी मध्यस्थामार्फत बोलावे लागे; ते थेट बोलत. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मुंबईच्या कापसाला जे सोन्याचे दिवस आले, त्यात या थेट बोलण्याला मोठी किंमत आली. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून उभा राहिला, मातुःश्रींच्या नावाने. अर्थात १८६५ मध्ये बाजार कोसळला तेव्हा तेही सावरू शकले नाहीत. उत्तम इंग्रजी चुकलेल्या अंदाजाला वाचवत नाही, हेही त्याच चरित्रात आहे.

दुसरे उदाहरण वीरचंद राघवजी गांधी यांचे. १८९३ च्या शिकागो येथील सर्वधर्म परिषदेतील त्यांचे इंग्रजी भाषण सर्वांना ठाऊक असते. परंतु व्यापाऱ्याने त्यांची वेगळीच गोष्ट लक्षात ठेवावी. सम्मेतशिखरच्या खटल्यासाठी ते कलकत्त्यास गेले, तेव्हा जुने दस्तऐवज स्वतः वाचता यावेत म्हणून ते बंगाली शिकले. इंग्रजी अस्खलित असलेल्या माणसाला ती उणीव जाणवली, कारण कागद इंग्रजीत नव्हते. ज्या भाषेत कागद आहे त्या भाषेपुरते तरी आपण स्वतः शहाणे असावे, दुसऱ्याच्या सांगण्यावर सही करू नये, ही ती दृष्टी.

सौद्याचे कसब या शहराला बाहेरून शिकवायला नकोच. ऑक्टोबर २०१० मध्ये येथील उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच वेळी दीडशे मर्सिडीज गाड्या खरेदी केल्या. व्यवहार सुमारे पासष्ट कोटींचा होता आणि त्याची चर्चा देशभर झाली. एकेकट्याला न मिळणारा भाव एकत्रितपणे मिळवायचा, हे गणित अस्सल बाजारातले. अशी बुद्धी असलेली माणसे इंग्रजी बैठकीत गप्प बसतात ती शब्दसंपत्ती तोकडी म्हणून नव्हे. नेमकी कोठे थांबवावी, कोठे विचारावे, कोठे वेळ मागावी, याची चार वाक्ये तोंडात बसलेली नसतात म्हणून.

त्या वाक्यांकडे आता वळू. सर्वांत आधी 'येस'.

मराठीत समोरचा बोलत असताना आपण "हो, हो", "बरोबर", "अच्छा" असे म्हणत राहतो, मान डोलावतो. त्याचा अर्थ एवढाच की ऐकतो आहे, पुढे बोला. हीच सवय इंग्रजीत 'येस, येस' होऊन उतरते, आणि तेथे 'येस' म्हणजे मान्य. गंमत अशी की जपानी माणसाचा 'हाय' हा शब्दही शब्दकोशात 'होय' असला, तरी बोलण्याच्या ओघात तो पुष्कळदा 'ऐकतो आहे' एवढ्याच अर्थाने येतो. म्हणजे दोन्हीकडून हुंकार चालू असतात आणि दोन्हीकडून ते संमती म्हणून टिपून घेतले जातात. यावर उपाय सोपा. ऐकत आहोत हे दाखवायचे तेव्हा 'आय सी' किंवा 'आय फॉलो यू' म्हणावे. मुद्दा कळला पण मान्य नाही, असे असेल तेव्हा 'आय अंडरस्टँड युवर पॉइंट, बट आय हॅव नॉट अ‍ॅग्रीड येट'. 'येस' हा शब्द सहीसारखा वापरावा, जेथे खरोखर सही करायची आहे तेथेच. कायदाही याच बाजूचा आहे. भारतीय करार कायदा १८७२ चे कलम ७ सांगते की प्रस्तावाचा स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त असला पाहिजे. अट घातली तर तो स्वीकार राहत नाही, उलट प्रस्ताव होतो. म्हणूनच 'येस' नंतर मागाहून अट आठवण्यापेक्षा अट आधी आणि 'येस' नंतर, हा क्रम धरावा. 'इफ द पेपर प्राइस स्टेज द सेम, येस.' वरच्या प्रसंगातील तीन लाख साठ हजार रुपये या एका वाक्याच्या अंतरावर होते.

होकाराइतकाच आपला नकारही परदेशी माणसाला चकवतो. आपल्या बाजारात तोंडावर नाही म्हणणे असभ्य समजतात. त्यामुळे "बघू", "कळवतो", "प्रयत्न करू" हे नकाराचे सौम्य प्रकार आहेत, आणि आपसांत ते सर्वांना कळतात. मात्र 'वी विल ट्राय' असे भाषांतर करून ते टेबलावर ठेवले की चेक किंवा जर्मन माणूस वहीत लिहितो, पुरवठादार प्रयत्न करणार आहे. पुढच्या मंगळवारी तो प्रयत्नाचे काय झाले ते विचारतो. मग आपल्याला तो चिकट वाटतो आणि त्याला आपण शब्द न पाळणारे. समाजाची सारी पत शब्दावर उभी असताना केवळ भाषांतराच्या दोषामुळे ती जावी, हे फार वाईट. नकार सरळ आणि सौम्य असा दोन्ही असू शकतो: 'अ‍ॅट धिस प्राइस वी कॅनॉट सप्लाय. अ‍ॅट फॉर्टी फोर, वी कॅन.' यात अपमान नाही, वाद नाही, आणि पुढचा दरवाजा उघडा आहे. सवलत द्यायची झाली तर तीही बदल्यात काही मागून द्यावी: 'इफ यू टेक थर्टी थाउजंड अ मंथ, वी कॅन डू फॉर्टी थ्री.' जुना व्यापारी दुसरे काय करीत असे? 'इफ' हा दोन अक्षरांचा शब्द बैठकीच्या इंग्रजीतील सर्वांत किफायतशीर शब्द आहे.

वेळ मागण्याची वाक्ये तर प्रत्येकाने पाठच करावीत. टेबलावर उत्तर दिलेच पाहिजे असा दबाव येतो, आणि तरुण मुले त्या दबावालाच बळी पडतात. 'आय कॅनॉट कमिट टू दॅट टुडे. आय विल कन्फर्म बाय मेल बाय थर्सडे.' वार सांगितला की टाळाटाळ वाटत नाही, आणि गुरुवार म्हटले तर गुरुवारी कळवावेच. आपसांत बोलायचे असेल तर टेबलावरच मारवाडीत किंवा मराठीत कुजबुजू लागू नये. समोरच्याला ते आपल्याविरुद्ध काही चालले आहे असे वाटते, आणि तसे वाटणे अगदीच चूक असते असेही नाही. 'कुड वुई टेक फाइव्ह मिनिट्स? वुई वुड लाइक टु डिस्कस धिस इन अवर ओन लँग्वेज' असे सांगून उठावे, बाहेर जाऊन मनसोक्त बोलावे. मोठमोठ्या कंपन्यांची शिष्टमंडळेही हेच करतात.

न कळल्यास विचारणे हा खरा हाली-कलदारचा प्रश्न. 'सॉरी, कुड यू से दॅट अगेन, अ लिटल स्लोअर?' हे वाक्य बोलणाऱ्याला कोणी कमी लेखत नाही. त्याहूनही चांगली रीत म्हणजे कळले ते आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवावे: 'सो, यू मीन द प्राइस कॅनॉट चेंज टिल मार्च. इज दॅट राइट?' विमानांचे वैमानिक आणि नियंत्रण कक्ष रोज हेच करतात. मिळालेली सूचना वैमानिकाने परत उच्चारायची असते, तशी आंतरराष्ट्रीय शिस्तच आहे. समुद्रावरही तेच. निरनिराळ्या देशांचे खलाशी एकमेकांचे इंग्रजी चुकीचे समजून अपघात करू नयेत म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये ठरीव वाक्यांचा एक संचच स्वीकारला. छोटी वाक्ये, ठरलेले शब्द, आणि आकडे एकेक अंक सुटा करून. दीडशे अंशांना 'वन फिफ्टी' न म्हणता 'वन-फाइव्ह-झीरो'. जहाजाचा कप्तान ज्यात कमीपणा मानत नाही त्यात खोक्यांच्या पुरवठादाराने का मानावा?

आकड्यांच्या बाबतीत तर कप्तानाची रीत जशीच्या तशी उचलावी. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी', 'थर्टीन' आणि 'थर्टी' हे फोनवर आणि व्हिडिओ बैठकीत हमखास एकमेकांत मिसळतात. 'फिफ्टीन, वन-फाइव्ह' असे म्हणण्याला एक क्षण लागतो. लाख-कोटी परदेशी माणसापुढे वापरू नयेत. दहा लाख म्हणजे एक मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन, हा पाढा बैठकीपूर्वी एकदा म्हणून घ्यावा. युरोपातील अनेक देशांत टिंब आणि स्वल्पविराम यांची कामे उलटी असतात: जर्मन किंवा चेक कागदावर १,५०० असे दिसले तर ते दीड हजार नसून दीड असू शकते. तारीख ०५/०६ अशी लिहू नये. अमेरिकन माणूस ती सहा मे वाचेल. 'फिफ्थ जून' असे अक्षरांत लिहावे.

'थर्टी डेज पेमेंट' हाही असाच एक सापळा आहे. तीस दिवस कोठून? बिलाच्या तारखेपासून, माल दारात उतरल्यापासून, की त्यांच्या तपासणी विभागाने पास केल्यापासून? 'थर्टी डेज फ्रॉम व्हॉट डेट?' हा पाच शब्दांचा प्रश्न विचारला नाही तर तीसाचे साठ केव्हा होतात कळत नाही. सूक्ष्म आणि लघु उत्पादकांच्या बाबतीत २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याने कमाल मर्यादा माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांची ठेवली आहे. माल मिळाल्यावर १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोहोचल्याच्या दिवशीच तो स्वीकारला असे धरले जाते. कायदा पाठीशी आहे. पण तो बैठकीत उच्चारण्यापेक्षा तारीख आधी विचारून घेणे संबंधांना मानवते. 'डिलिव्हर्ड' या शब्दाचेही तसेच. भाडे कोणाचे, विमा कोणाचा, उतरवणी कोणाची? 'एक्स वर्क्स' म्हणजे माल आपल्या दारात त्यांच्या हवाली, पुढचे सारे त्यांचे. 'एफओआर वाळूज' म्हटले की वाळूजपर्यंतचे भाडे आपल्या माथी. निर्यात असेल तर आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या इनकोटर्म्समधील शब्द वापरावेत आणि २०२० ची आवृत्ती असे सोबत लिहावे.

काही शब्द मात्र आपल्याकडे रुळले असूनही बाहेर वेगळेच वाजतात. 'वी विल रिव्हर्ट' म्हणजे आपल्या लेखी 'उत्तर कळवू'. बाहेरच्या इंग्रजीत 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वस्थितीवर जाणे. भावाच्या चर्चेत 'वी विल रिव्हर्ट ऑन प्राइस' म्हटले तर समोरचा आनंदाने जुना भाव गृहीत धरू शकतो. 'आय हॅव अ डाउट' म्हणजे आपल्याला शंका विचारायची आहे, त्याला वाटते आपण त्याच्यावर संशय घेतो आहोत. तेथे 'क्वेश्चन' म्हणावे. अशा घोळात केवळ आपणच सापडतो असे नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन सेनाधिकारी एका बैठकीत 'टेबल' या क्रियापदावरून बराच वेळ भांडले. ब्रिटिशांच्या भाषेत विषय 'टेबल' करणे म्हणजे लगेच चर्चेला घेणे, अमेरिकनांच्या भाषेत बाजूला ठेवणे. दोघांनाही हवे होते एकच. ही हकिकत चर्चिल यांनी आपल्या युद्धस्मृतींत नोंदवली आहे. ज्यांची ती मातृभाषा त्यांची ही कथा, तर बाकीच्यांनी फार लाजण्याचे कारण नाही.

बैठक संपल्यावरचे काम अनेक जण सोडून देतात, आणि खरे नुकसान तेथेच होते. पूर्वी रात्री दुकान वाढवण्यापूर्वी रोजमेळ लिहिल्याशिवाय कोणी उठत नसे. बैठकीचाही रोजमेळ लिहावा, त्याच संध्याकाळी, ई-मेलने. 'अ‍ॅज डिस्कस्ड टुडे' अशी सुरुवात करून भाव, संख्या, मुदत, देयकाची तारीख आणि अट अशा पाच ओळी लिहाव्यात. शेवटी 'प्लीज करेक्ट मी इफ आय हॅव मिस्ड एनिथिंग'. बोलताना जे निसटले ते या ओळींत सुधारता येते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-अ नुसार केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार निष्प्रभ ठरत नाही. तेव्हा ई-मेलमध्ये जे लिहाल ते जपून लिहा आणि जे आले ते नीट वाचा. येथे वडिलांची जाण आणि मुलाची भाषा एका खुर्चीवर आणता येते. मुलाने लिहावे, मोठ्यांदा मराठीत सांगावे, वडिलांनी प्रत्येक ओळीवर "हो" म्हणावे, मगच ती जावी. पुष्कळ घरांत हे काम सूनबाई उत्तम करतात. त्यांना केवळ टंकलेखनापुरते न बसवता बैठकीलाही न्यावे.

आणि बैठकीतील बसण्याची व्यवस्थाही बदलावी. वडिलांनी मागे रेलू नये. सुरुवातीलाच त्यांनी स्वतः एक वाक्य बोलावे, मोडकेतोडके चालेल: 'माय सन विल स्पीक. प्राइस, आय डिसाइड.' व्याकरण शिकवणारे या वाक्याला नाके मुरडतील; खरेदी अधिकारी मात्र त्या क्षणापासून वडिलांकडे पाहून भाव बोलेल. मुलानेही प्रत्येक आकड्यापाशी थांबून "पप्पा, सहा महिने भाव बांधून मागतात" असे उघडपणे सांगावे. दुभाष्याची भूमिका कमीपणाची नाही. देशोदेशीच्या प्रमुखांच्या खुर्चीमागे दुभाषी बसतात. वर दिलेली वाक्ये देवनागरीत एका कार्डावर लिहून खिशात ठेवावीत, आणि दुकान वाढवल्यावर आठवड्यातून एकदा मुलाने गिऱ्हाईक व्हावे, वडिलांनी पुरवठादार. पहिल्या दोन वेळा हसू येते. तिसऱ्या वेळी वडीलच 'फर्म फ्रॉम व्हॉट डेट?' विचारू लागतात.

राहता राहिली जेवणाची बाब, जी इतरांच्या इंग्रजीच्या पुस्तकांत सापडणार नाही. पाहुणे बैठकीनंतर जेवायला नेतात. केवळ 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही. काही देशांत अंडे, क्वचित मासेही त्यात बसतात. 'नो मीट, नो फिश, नो एग्ज' असे मोजून सांगावे, आणि कंदमुळे वर्ज्य असतील तर 'नो अनियन, गार्लिक, पोटॅटो, ऑर एनी रूट व्हेजिटेबल'. कारण विचारले तर 'इट इज माय फेथ' एवढे पुरते. लांबलचक प्रवचनाची आवश्यकता नसते. चौविहार पाळणाऱ्याने रात्रीचे निमंत्रण आल्यावर कुढत बसू नये, 'आय डोन्ट ईट आफ्टर सनसेट. कुड वी मीट फॉर लंच इन्स्टेड?' असे आधीच कळवावे. यजमान बहुधा आनंदाने वेळ बदलतो. मात्र प्रागला जाणाऱ्याने डिसेंबरातील सूर्यास्त पाहूनच वेळ मागावी. तेथे त्या महिन्यात दिवस चारच्या सुमारास मावळतो, आणि दुपारची बैठक लांबली तर बॅगेतील खाकऱ्याचा डबाच कामी येतो.